घरच्या लॅपटॉपवर कंपनीची नजर: ॲप टाकण्याआधी काय तपासायचे, काय लिहून घ्यायचे

प्रश्न थोडक्यात असा: कराडजवळच्या गावातून एक ताई पुण्यातल्या कंपनीचे ग्राहकसेवेचे काम घरून करतात, तेही स्वतःच्या लॅपटॉपवर. आता कंपनीचा मेल आला आहे की सोमवारपर्यंत एक ॲप टाकायचे. ते दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेईल, मधूनमधून कॅमेऱ्यानेही फोटो घेईल आणि दर आठवड्याला ‘ॲक्टिव्हिटी’ची टक्केवारी मॅनेजरला पाठवेल. तोच लॅपटॉप मुलगा अभ्यासाला आणि यजमान दुकानाच्या हिशोबाला वापरतात. हे कायद्याने चालते का, नाही म्हणता येते का आणि टक्केवारी कमी आली म्हणून पगार कापला तर काय करायचे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी थेट उत्तर देतो. कंपनीला तुमच्या कामावर लक्ष ठेवता येते, त्यासाठी सॉफ्टवेअरही वापरता येते. पण घरातले तिघे वापरतात त्या लॅपटॉपवर हे ॲप टाकू नका. कंपनीचा लॅपटॉप मागा. तो मिळेपर्यंत काम करण्याची तुमची तयारी आणि तुमच्या हरकती दोन्ही मेलवर लेखी राहू द्या. कॅमेऱ्याच्या फोटोंना वेगळी आणि स्पष्ट हरकत घ्या, कारण तिथे तुमची बाजू सगळ्यांत भक्कम आहे. पगारकपातीचे नियम कायद्यात मोजून दिलेले आहेत, त्याबद्दल पुढे सांगतो.

ही ॲप्स कशी चालतात ते आधी समजून घ्या, कारण एचआर जे सांगते ते आणि ॲप करू शकते ते यात बराच फरक असतो. लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम बसतो, त्याला एजंट म्हणतात. समोर कोणती खिडकी उघडी आहे, तिचे शीर्षक काय, ब्राउझरमध्ये कोणता पत्ता आहे, माउस आणि कीबोर्ड किती हलले, हे तो सतत टिपतो आणि ठरावीक वेळाने स्क्रीनशॉट घेऊन कंपनीने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चढवतो. बहुतेक ॲप्स किती कळा दाबल्या ते मोजतात. काही ॲप्स कोणत्या कळा दाबल्या तेही नोंदवतात, म्हणजे पासवर्डसुद्धा. हा फरक मेलमध्ये कधीच लिहिलेला नसतो, तो विचारावा लागतो. दुसरा फरक टायमरचा. काही ॲप्समध्ये तुम्ही ‘स्टार्ट’ दाबता तेव्हाच नोंद सुरू होते आणि ‘स्टॉप’ दाबले की थांबते. काही ॲप्स लॅपटॉप सुरू झाला की आपोआप मागे चालू होतात, घड्याळाजवळ त्यांचे चिन्हही दिसत नाही. सामायिक लॅपटॉपवर हा दुसरा प्रकार बसला की रात्री नऊ वाजता मुलगा काय बघतो आणि यजमानांनी बँकेत किती रक्कम भरली, हे सगळे कंपनीच्या सर्व्हरवर जाते. कंपनीला ते नको असले तरी जाते.

‘मी विंडोजमध्ये कामासाठी वेगळे युजर अकाउंट काढते, तिथेच ॲप टाकते’ हा उपाय पुष्कळजण करतात. तो अर्धवटच चालतो. ॲप बसवताना विंडोज स्क्रीन अंधुक करून ‘या ॲपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे का’ असे विचारते. तिथे ‘यस’ दाबले की ॲप बहुतेकदा संपूर्ण मशीनवर बसते आणि ‘सेवा’ (सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) म्हणून प्रत्येक अकाउंटमध्ये चालू राहू शकते. ही खिडकी न येता ॲप बसले, तर ते बहुधा त्या एका अकाउंटपुरते आहे. म्हणून वेगळे अकाउंट काढायचेच असेल तर ते ‘स्टँडर्ड’ प्रकारचे काढा आणि त्यात ॲडमिनचा पासवर्ड मागितला गेला तर तिथेच थांबून कंपनीला विचारा.

कंपनी लॅपटॉप देत नसेल तर माझ्या पसंतीचा क्रम असा आहे. पहिला पर्याय व्हर्च्युअल डेस्कटॉप: तुम्ही ब्राउझरमधून किंवा एका ॲपमधून कंपनीच्या सर्व्हरवरच्या डेस्कटॉपमध्ये शिरता, नजर ठेवणारे ॲप तिकडेच असते आणि त्याला फक्त तिथली स्क्रीन दिसते. यात कंपनीचा डेटाही तुमच्या घरी येत नाही, त्यामुळे त्यांच्या आयटी विभागाला ही मागणी पटवणे सोपे जाते. दुसरा पर्याय कामापुरता वेगळा, जुना पण चालता लॅपटॉप. ग्राहकसेवेच्या कामाला ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला सेकंडहँड लॅपटॉप पुरतो. तिसरा पर्याय तुमच्याच लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आत दुसरे विंडोज. त्याला निदान १६ जीबी रॅम लागते, त्यातली ८ आतल्या विंडोजला द्यावी लागते. वर शंभरेक जीबी मोकळी जागा आणि विंडोजचा वेगळा परवाना लागतो. शिवाय कंपनीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय हे करू नका. बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही, आणि नंतर ‘देखरेख चुकवली’ असा ठपका येतो.

व्हर्च्युअल डेस्कटॉप असो वा वेगळा लॅपटॉप, एक काम घरीच करून टाका. फायबरच्या बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते. ती चालू करा आणि कामाचा लॅपटॉप त्यावरच जोडा. मग त्या लॅपटॉपमधल्या कोणत्याही प्रोग्रॅमला घरचा सीसीटीव्ही, टीव्ही, दुसरे लॅपटॉप दिसत नाहीत. उलट घरच्या एखाद्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आला तर तोही कंपनीच्या मशीनपर्यंत सहज पोचत नाही.

आता टक्केवारी, कारण भांडणे इथेच होतात. रूढ पद्धत अशी: दहा मिनिटांचा एक तुकडा, म्हणजे ६०० सेकंद. त्यातल्या ज्या सेकंदांत कळ दाबली किंवा माउस हलला ते सेकंद मोजायचे. २७० सेकंद भरले तर ४५ टक्के. एवढेच. त्या वेळात तुम्ही एका चिडलेल्या ग्राहकाला शांतपणे ऐकत होतात, पॉलिसीचे चाळीस पानी पत्रक वाचत होतात, कागदावर आकडेमोड करत होतात की खिडकीबाहेर बघत होतात, हे त्या आकड्यात कुठेच नसते. ग्राहकसेवेत पंचवीस मिनिटांचा फोन आला आणि त्यात चार ओळी टंकल्या, तर तो तुकडा पाच-दहा टक्क्यांवर येतो. त्याच वेळी शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तीन ओळींचे तेच उत्तर चाळीस ग्राहकांना चिकटवून सत्तर टक्के मिळवतो. मायक्रोसॉफ्ट टीम्सचा हिरवा ठिपकाही असाच. कॉम्प्युटरवर पाच मिनिटे हालचाल झाली नाही की तो पिवळा होतो. तो हजेरीचा पुरावा म्हणून वापरणे चुकीचे आहे आणि हे मॅनेजरला स्वच्छ सांगायला हरकत नाही.

आकडा चुकण्याची तांत्रिक कारणेही माहीत असू द्या. व्हर्च्युअल डेस्कटॉप पूर्ण स्क्रीनवर असताना बाहेरच्या एजंटला कधी आतल्या कळा मोजता येत नाहीत, कधी सगळा दिवस एकाच ॲपच्या नावावर पडतो. दोन मॉनिटर असतील तर कधी एकाचाच स्क्रीनशॉट जातो. लॅपटॉपचे घड्याळ किंवा टाइम झोन चुकला असेल तर नोंदी सरकतात आणि सकाळचे काम शिफ्टच्या बाहेर दिसते. ‘प्रॉडक्टिव्ह’ आणि ‘अनप्रॉडक्टिव्ह’ ॲप्सची यादी कंपनीने बसवलेली असते. त्यात व्हॉट्सॲप वेब लाल रंगात असेल आणि तुमचा टीम लीडर सूचना व्हॉट्सॲपवरच देत असेल, तर तुमचा अर्धा दिवस लाल होतो. पहिल्या आठवड्याचा अहवाल हातात आला की ही यादी मागून घ्या आणि तुमच्या कामाची जी साधने चुकीच्या रकान्यात आहेत ती मेलने कळवा.

आपल्याकडचा खरा त्रास लाईटचा. सातारा-सांगलीत एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला की गावाकडचा फीडर तास-दोन तास बंद राहतो. पावसाळ्यात फांदी पडून फायबर तुटते. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीच्या कितीतरी भागांत काम करणेच शक्य नव्हते. हे सगळे पुण्यात किंवा बंगळुरात बसलेल्या मॅनेजरच्या पडद्यावर ‘आयडल’, म्हणजे काम बंद, म्हणून दिसते. लॅपटॉपची बॅटरी चालते, पण राउटर बंद पडतो. म्हणून राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवरचे दोन अंक बघा: व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, बहुतेकदा १२, आणि यूपीएसचे अँपिअर ॲडॅप्टरइतके किंवा जास्त हवेत. फायबरचा डबा आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर दोन आउटपुट असलेला घ्या. नाहीतर एक चालू, दुसरा बंद, अशी गत होते. ग्राहक क्रमांकाशी मोबाइल नोंदवलेला असेल तर महावितरणचे पुरवठा खंडित असल्याचे एसएमएस येतात. ते पुसू नका. इंटरनेट कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांकही ठेवा. एका साध्या वहीत किंवा शीटमध्ये तारीख, कधी गेली, कधी आली, त्या वेळात काय केले, एवढे चार रकाने पुरेत. बऱ्याच ॲप्समध्ये ‘ऑफलाइन टाइम’ हाताने भरण्याची सोय असते, पण ती कधी कधी त्याच दिवसापुरती किंवा मॅनेजरच्या मंजुरीवर असते. त्यामुळे त्याच संध्याकाळी भरा, महिनाअखेरीची वाट बघू नका.

याच संदर्भात एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. फायबर गेले की आपण मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो. मोबाइल नेटवर्कचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखणारा क्रमांक) बहुतेकदा मुंबई, पुणे किंवा आणखी कुठला तरी दिसतो. सकाळी कराड आणि अर्ध्या तासाने दुसरेच शहर, असे दिसले की कंपनीच्या सुरक्षा यंत्रणेत ‘अशक्य प्रवास’ अशी धोक्याची सूचना जाते आणि खाते बंद पडते किंवा ‘हे दुसऱ्याला लॉगइन देतात’ असा संशय येतो. हॉटस्पॉटवर जाताना टीमच्या चॅटमध्ये एक ओळ टाकून ठेवा: ‘फायबर बंद, मोबाइल नेटवर आहे, वेळ ११.२०.’ नंतर खुलासा करण्यापेक्षा ही आधीची ओळ कितीतरी उपयोगी पडते.

टक्केवारी वाढवण्यासाठी माउस आपोआप हलवणारे सॉफ्टवेअर किंवा यूएसबी उपकरण वापरायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. ते वापरू नका. यूएसबी उपकरण लावले की त्याची ओळख लॅपटॉपच्या नोंदींत राहते. सॉफ्टवेअर तर प्रोग्रॅमच्या यादीतच दिसते. माउसखाली ठेवायच्या फिरत्या तबकडीचे उपकरण नोंदींत येत नाही, पण माउस तासभर हलतोय, एकही कळ नाही आणि सहाच्या सहा स्क्रीनशॉट हुबेहूब सारखे, हे कोणालाही कळते. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून डझनाहून अधिक लोकांना काढले. आपल्याकडेही हा विश्वासघात आणि गैरवर्तन ठरवता येतो, आणि मग टक्केवारी मोजण्याची पद्धतच चुकीची आहे हा तुमचा खरा मुद्दा कोणी ऐकून घेत नाही.

कॅमेऱ्याकडे येतो. घरात तुम्ही एकट्या नाही. सासूबाई, मुले, शेजारच्या काकू यांनी कंपनीशी कोणताही करार केलेला नाही आणि त्यांचे फोटो घ्यायला तुमची सही पुरत नाही. नेदरलँड्समध्ये २०२२ साली असेच प्रकरण न्यायालयात गेले. अमेरिकी कंपनीने तिथल्या कर्मचाऱ्याला दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला सांगितले, त्याने नकार दिला, कंपनीने काढून टाकले. न्यायालयाने बडतर्फी अवैध ठरवली आणि कंपनीला सुमारे ७५ हजार युरो भरायला लागले. तो निकाल भारतात बंधनकारक नाही. पण पुण्याच्या कंपनीचे ग्राहक युरोपातले असतील तर त्यांच्या कायदा विभागाला तो माहीत असतो, आणि मेलमध्ये त्याचा उल्लेख केल्याने फरक पडतो. भारतातही, एखाद्या स्त्रीचा खासगी क्षणाचा फोटो गुपचूप घेतला तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई लागू शकते, मग तो फोटो माणसाने काढलेला असो वा आपोआप चालणाऱ्या ॲपचा वापर करून. छोट्या घरात, एकाच खोलीत झोपायचे, कपडे बदलायचे आणि काम करायचे असते, तिथे ही दूरची शक्यता नाही. कॅमेऱ्यावर सरकवायची झडप बसवा आणि मीटिंगपुरतीच उघडा. टेबल असे ठेवा की तुमच्या पाठीमागे भिंत येईल, दार नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग कॅमेरा इथे गेल्यावर ‘रिसेंट ॲक्टिव्हिटी’त गेल्या सात दिवसांत कोणत्या ॲपने कॅमेरा वापरला ते दिसते. मायक्रोफोनसाठीही तसेच पान आहे. आठवड्यातून एकदा बघण्याची सवय लावा.

मॅकबुक असेल तर एक फायदा आहे. स्क्रीन रेकॉर्डिंग, कॅमेरा आणि मायक्रोफोन यांची परवानगी कंपनीला परस्पर देता येत नाही, ती मशीनसमोर बसलेल्या माणसानेच द्यावी लागते. सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत प्रत्येक परवानगीची यादी दिसते.

आता कायदा, जेवढा कामाला येतो तेवढाच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्याचा आधार मोठा आहे, पण खासगी कंपनीविरुद्ध तो घेऊन थेट उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करणे सहसा चालत नाही. इथे उपयोगी पडणारा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३-ए आणि २०११ चे नियम चालू आहेत. त्यांत पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्याची माहिती, बायोमेट्रिक यांना संवेदनशील मानले आहे आणि ती गोळा करायला लेखी संमती लागते. कळा नोंदवणाऱ्या ॲपमध्ये तुमचा बँकेचा पासवर्ड गेला तर हा नियम तुमच्या बाजूने उभा राहतो.

नव्या कायद्यात एक अडचणीची जागा आहे, ती कंपनीचा वकील तुम्हाला दाखवणारच. कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी, तसेच व्यापारी गुपिते फुटू नयेत किंवा मालकाचे नुकसान होऊ नये म्हणून कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा आहे. शिवाय ‘माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे’ हे मागण्याचा कलम ११ चा हक्क मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीला आहे. म्हणजे ‘मी संमती देत नाही’ एवढ्या एका वाक्यावर कामाच्या स्क्रीनशॉटला नकार टिकणार नाही. पण माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कंपनीवर राहतेच, ती ज्या सेवेला काम देते तिच्यासाठीही. ती पाळली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तुमच्या मुलाचे आणि सासूबाईंचे फोटो ‘नोकरीच्या कारणासाठी’ या शब्दांत बसवणे मला तरी शक्य दिसत नाही.

आणि तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तुम्हाला न सांगता काही बसवले, तर चित्र पूर्ण बदलते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार कॉम्प्युटरच्या मालकाच्या परवानगीशिवाय त्यात शिरणे, माहिती उतरवून घेणे चुकीचे आहे. अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे मालक तुम्ही आहात. म्हणूनच ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी त्या पानाचा फोटो मोबाइलने काढून ठेवा. तुम्ही नेमकी कशाला परवानगी दिली, याचा तोच पुरावा.

कंपनीला पटवताना खासगीपणापेक्षा त्यांच्या स्वतःच्या जोखमीचा मुद्दा पुढे ठेवा. तुमच्या प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये त्यांच्या ग्राहकाचे नाव, फोन नंबर, कधी खाते क्रमांक असतो. असे हजारो फोटो तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर साठत जातात. एप्रिल २०२५ मध्ये ‘वर्ककंपोजर’ या देखरेख ॲपचे २ कोटी १० लाखांहून अधिक स्क्रीनशॉट इंटरनेटवर कुलूप न लावता उघडे पडल्याचे समोर आले. हे उदाहरण द्या आणि मागा: स्क्रीनशॉट पुसट करण्याची सोय चालू करा आणि तीस दिवसांनी फोटो खोडा. बऱ्याच ॲप्समध्ये अशा सोयी असतात, फक्त कोणी मागत नाही म्हणून त्या बंद राहतात.

मेल इंग्रजीत लिहाल, पण त्यातला मजकूर साधारण असा असावा: ‘देखरेख ॲपबद्दलचा आपला मेल मिळाला. काम करण्यास मी तयार आहे. माझा लॅपटॉप घरातील इतर व्यक्तीही वापरतात, त्यामुळे त्यावर ॲप बसवल्यास त्यांची आणि आपल्या ग्राहकांची माहिती मिसळण्याचा धोका आहे. कृपया कंपनीचा लॅपटॉप किंवा व्हर्च्युअल डेस्कटॉप द्यावा. तसेच पुढील बाबी लेखी कळवाव्यात: ॲपचे नाव आणि ते पुरवणारी कंपनी, कळा मोजल्या जातात की नोंदवल्या जातात, नोंद फक्त शिफ्टमध्ये होते का, स्क्रीनशॉट किती दिवस ठेवले जातात, ते कोणाला दिसतात, चुकीची नोंद दुरुस्त करण्याची पद्धत कोणती. घरातील इतर व्यक्तींच्या खासगीपणाचा विचार करून कॅमेऱ्याच्या फोटोंना माझी हरकत आहे. मीटिंगमध्ये मी कॅमेरा चालू ठेवीन.’ सूर सहकार्याचा ठेवा. यात ‘नकार’ हा शब्द कुठेच नाही, तरी तुमची प्रत्येक हरकत तारखेसकट नोंदली जाते. मेलची प्रत स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. कंपनीच्या डेटाची चोरी म्हणून ती पकडली जाऊ शकते. छापून घ्या किंवा मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा, ग्राहकाची माहिती त्यात येऊ न देता.

पगाराचे काय? वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पगारातून कोणत्या कारणासाठी कपात करता येते, याची यादी त्या कायद्यातच आहे. त्यात कामावरची गैरहजेरी आहे, दंडही आहे. पण दंड आधी जाहीर केलेल्या कृतींसाठीच करता येतो, तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि त्या पगार-काळातल्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही. टक्केवारी ४० आली म्हणजे तुम्ही गैरहजर होता, असा अर्थ होत नाही. तुम्ही लॉगइन होता, फोन उचलले, तिकिटे (ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी) बंद केली, याची नोंद कंपनीच्याच ग्राहकसेवेच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. कपात झाली तर आधी सॅलरी स्लिपवर ती कोणत्या नावाने दाखवली ते बघा, मग त्या दिवसांच्या कॉलची यादी जोडून एचआरला लेखी विचारा. तिथे दाद लागली नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात जाता येते. ही कार्यालये सातारा आणि सांगली दोन्ही ठिकाणी आहेत, पण तुमची आस्थापना पुण्याची असल्याने अर्ज कुठे चालेल ते आधी तिथे विचारून घ्या. गुपचूप बसवलेल्या ॲपची किंवा खासगी फोटोंची तक्रार मात्र तुमच्या जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात करता येते. १९३० हा क्रमांक पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, या तक्रारीला तो लावत बसू नका. तक्रारीला जाण्यापूर्वी ॲप काढून टाकू नका, पुरावा जाईल. लॅपटॉपचे इंटरनेट बंद करून तो तसाच घेऊन जा.

मोबाइलबद्दल थोडक्यात. लॉगइनचा कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप तुमचे मेसेज वाचत नाही, ते बिनधास्त टाका. पण ऑफिसचा मेल फोनवर घेताना तुमचा फोन ऑफिसच्या व्यवस्थापनाखाली द्यायला सांगितले, तर अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ हाच प्रकार मागा. त्यात कामाच्या ॲप्सवर छोट्या बॅगेचे चिन्ह येते. त्या बाजूचे सगळे कंपनीच्या ताब्यात, उरलेल्या बाजूचे फोटो, कॉल, व्हॉट्सॲप कंपनीला दिसत नाहीत आणि नोकरी सोडल्यावर फक्त ती बाजू पुसली जाते. ‘डिव्हाइस ॲडमिन’ची परवानगी मागणाऱ्या साध्या ॲपला मात्र ती देऊ नका, त्यात संपूर्ण फोन पुसण्याचा अधिकारही जाऊ शकतो.

कंपनीचा लॅपटॉप मिळाला की दुसरी चूक सुरू होते: तोच घरचा होऊन जातो. त्यावर क्रोममध्ये स्वतःचे जीमेल जोडले की घरच्या मोबाइलवरचे जतन केलेले पासवर्डही तिथे उतरू शकतात. व्हॉट्सॲप वेब उघडले की ‘मेसेज एन्क्रिप्टेड आहेत’ हा दिलासा उपयोगाचा नाही, कारण स्क्रीनशॉट पडद्यावर दिसते ते घेतो. टीम्स किंवा स्लॅकवर दोघांतच केलेले चॅटही कंपनीला मागवता येते, तुम्ही तुमच्याकडून खोडले तरी जतन करण्याची सेटिंग असेल तर ते सर्व्हरवर राहते. बँकेच्या पानावर कुलपाच्या किंवा सेटिंगच्या चिन्हावर टिचकी मारून प्रमाणपत्र कोणी दिले ते बघा. तिथे झीस्केलर, नेटस्कोप अशा इंटरनेट-सुरक्षा पुरवणाऱ्या कंपन्यांचे किंवा तुमच्याच कंपनीचे नाव दिसले, तर सुरक्षित पानांमधली वाहतूकही कंपनी उघडून तपासते आहे असे समजा. अशा लॅपटॉपवर बँक, डॉक्टरांचे अहवाल, दुसऱ्या नोकरीचे अर्ज, काहीच नको. ते तुमच्या मोबाइलवर, मोबाइलच्याच डेटावर करा.

नोकरी सोडताना शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत नजर सगळ्यांत कडक असते. पेन ड्राइव्ह लावणे, फाइल स्वतःच्या ड्राइव्हवर चढवणे, एकदम शेकडो फाइल उघडणे, यावर आपोआप सूचना जातात. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, नियुक्तीपत्र ही तुमची कागदपत्रे राजीनामा देण्याच्या आधी एचआर पोर्टलवरून मोबाइलवर उतरवून घ्या. लॅपटॉप परत देताना खासगी खात्यांतून आधी लॉगआउट करा. जीमेलच्या सुरक्षा पानावरून त्या उपकरणाचे सत्र बंद करा, व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते काढा आणि मगच पासवर्ड बदला, तोही मोबाइलवरून. परत दिल्याची पोच मशीनच्या सीरियल नंबरसह लेखी घ्या. कुरिअरने पाठवत असाल तर बंद करण्याआधी लॅपटॉपचे फोटो आणि पावती दोन्ही ठेवा. तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ॲप बसवलेले असेल तर ते काढण्याची सूचना कंपनीकडून मेलवर मागा, काढल्यानंतर एकदा रीस्टार्ट करून टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत आणि सर्व्हिसेसमध्ये त्याचे नाव उरले नाही ना ते बघा. ब्राउझरच्या मेन्यूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ ही ओळ अजून दिसत असेल तर काम अपुरे आहे. मग सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ इथे जाऊन कंपनीचे खाते तोडा.